अठ्ठेचाळीस ग्रॅम कमी

"माझ्या बायकोनं रिपोर्ट बदललाय. तेवढं सिद्ध करून द्या," खुर्चीत बसायच्या आधीच घड्याळजी म्हणाला.

खाजगी तपास करणाऱ्या त्या बाईंना सगळे 'दुर्बीण' म्हणत. त्यांनी चष्मा वर सरकवला. त्यांचे सोबती, निवृत्त कंपाउंडर, वही उघडून बसले.

घड्याळजीच्या थोरल्या बहिणीचं यकृत निकामी झालं होतं. आईबापामागे तिनंच त्याला वाढवलं. तो आपल्या यकृताचा तुकडा द्यायला निघाला. रक्तगट जुळला, सगळं जुळलं, आणि शेवटी माप आडवं आलं. तुकडा भरत होता चारशे ऐंशी ग्रॅम. हवा होता पाचशे अठ्ठावीस.

"बायको पहिल्यापासून नको म्हणत होती. तिचा मावसभाऊ स्कॅनच्या खोलीत कामाला आहे. मी जाब विचारला, तर पोरीला घेऊन माहेरी गेली."

माहेरी बायकोनं दार उघडलं ते डोळे पुसतच.

"नको म्हणाले, खरंय. दोन वर्षांची पोर आहे पदरात, भीती नाही वाटणार? पण रिपोर्टला मी हात लावला नाही. दोन महिन्यांत ताईंचे ब्लाउज दोनदा आत घेऊन दिलेत मी. त्यांचं वाईट चिंतीन?"

रुग्णालयातल्या समन्वयक बाईंनी तर शंकेचं मूळच उपटलं. "स्कॅन सर्जननी दुसरीकडे पुन्हा करून घेतला. आकडा तोच आला."

"म्हणजे रिपोर्ट खरा," कंपाउंडरनी वही मिटली. "संपलं!"

"माप दोन माणसांचं असतं, कंपाउंडर. बाई, पाचशे अठ्ठावीस कुठून आले?"

"रुग्णाच्या वजनावरून. किलोमागे आठ ग्रॅम तरी लागतात. ताईंचं वजन सहासष्ट, मीच घेतलं. थंडी वाजते म्हणून लांब कोट काढला नाही, तर त्याचा एक किलो वजा केला."

"पायाला सूज? पोटात पाणी?"

"काहीच नाही."

बहीण शाळेत खेळ शिकवायची. दोघं तिला भेटायला घरी गेले, तेव्हा तिच्या खोलीत दोऱ्या, शिट्ट्या, आणि खुंटीवर वाळू भरलेल्या पट्ट्या होत्या.

"पोरांच्या पायाला बांधून पळवते," ती म्हणाली. "एकेक दोन किलोची."

चार पट्ट्या एकमेकींना शिवल्या होत्या. दोरा नवाकोरा.

"हरवतात म्हणून," तिनं विचारायच्या आधीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुर्बीणबाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

"स्कॅन दोनदा झाला, म्हणून वहिनी सुटल्या. उरलं ताईंचं वजन. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले आणि काटा सहासष्ट दाखवतो? सूज नाही, पाणी नाही. मग हे वजन अंगाबाहेरचं. चार पट्ट्यांचे आठ किलो, सलग शिवून कमरेला गुंडाळलेले, वर कोट. आठ वजा करा. राहिले अठ्ठावन्न. म्हणजे लागतात चारशे चौसष्ट ग्रॅम."

"आणि आहेत चारशे ऐंशी!" कंपाउंडर ओरडले.

घड्याळजीनं खुंटीवरच्या पट्ट्या हातात तोलून बघितल्या. "ताई?"

"मी नको म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस?" ती म्हणाली. "तुला काही झालं, तर मी जगून काय करू? काट्यानंच नाही म्हटलं की गप्प बसशील, असं वाटलं. हिच्यावर आळ येईल हे ध्यानातच आलं नाही रे."

घड्याळजी बायकोकडे वळला. "चुकलो मी."

"ते घरी बघू," ती म्हणाली आणि नणंदेजवळ बसली. "ताई, भीती मला अजूनही आहे. पण आम्हाला न विचारता ठरवू नका. हे देतायत, मी हो म्हणतेय. उद्या पुन्हा काट्यावर चला."

वजन अठ्ठावन्नच भरलं. समन्वयक बाईंनी दोघा भावंडांशी वेगवेगळं बोलून घेतलं. महिन्याभरात शस्त्रक्रिया झाली.

तिसऱ्या दिवशी बहिणीच्या नळ्या निघाल्या. घसा कोरडा पडलेला, आवाज फुटेना. भावजय कान लावून वाकली.

"काय म्हणतात?" दारातून कंपाउंडरनी विचारलं.

ती हसता हसता रडायला लागली. "विचारतायत, त्यानं काही खाल्लं का?"