अळणी

गुरुवारी इंद्रजित येणार होता आणि मी मंगळवारीच पुरणाची डाळ निवडायला बसले होते! अठ्ठ्याण्णवचा जून. फरीदाबादच्या नव्या सेक्टरात, तिसऱ्या मजल्यावर आमचा नवा फ्लॅट. वास्तुशांत लेकासाठीच थांबवली होती. तो कच्छच्या एका बंदरावर क्रेन बसवायला गेला होता. निघायच्या दिवशी अर्पिताने त्याला हॉलच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि डोक्याशी पेन्सिलीची खूण केली.

"दादा, तू येशील तेव्हा मी तुझ्या कानापर्यंत!"

"मग ओरडू नकोस, कानातच बोल," तो म्हणाला.

त्याच दिवशी मी नेम धरला. तो घरी येईपर्यंत मीठ तोंडात घालायचं नाही.

"अळणी मतलब विदाउट सॉल्ट? रोज? तू पण ना, आई!" अर्पिता म्हणाली.

एक्केचाळीस दिवस झाले होते. मीठ सोडलं की जीभ फार जागी होते. दुधातला, पालकातला खारटपणासुद्धा तिला कळतो.

त्या मंगळवारी सकाळी पूजा झाल्यावर तीर्थ ओठाला लावलं आणि थांबले. खारट. आमच्या बोअरचं पाणी जड असतं, तसं नव्हे. लग्नानंतर मुरुडला लाटेने मला आडवं केलं होतं, तेव्हा नाकातोंडात गेलं होतं तसं. नेम मोडू नये म्हणून न गिळता ओतून टाकलं. तांब्या घासला, फिल्टरचं पाणी भरलं. पुन्हा तेच.

अर्पिताने घोट घेतला. "नॉर्मल तर आहे."

दहाच्या सुमारास वारा सुटला. जूनमधली लू अंग भाजते. हा वारा ओला होता. पडदे भिंतीला चिकटले, बाल्कनीचं दार दोनदा आपटलं, आणि घरभर मासळीचा वास पसरला.

मग भिंतीवर ओल दिसली. घोट्यापर्यंत. चारही भिंतींवर एकाच उंचीवर, सुताराने दोरी मारावी तितकी सरळ.

"नई बिल्डिंग आहे, सीपेज होतंच," अर्पिता म्हणाली. पण अकराला ती रेघ गुडघ्याशी होती. बाराला कमरेशी. बोट लावून पाहिलं तर बोटाला बारीक वाळू लागली.

दीडच्या सुमारास अर्पिताने टीव्ही लावला. कच्छच्या किनाऱ्यावर वादळ. वाऱ्याने क्रेन आडव्या पडल्या होत्या. समुद्र बंदरात शिरला होता.

आम्ही दोघींनी एकदमच चौकटीकडे पाहिलं.

पेन्सिलीच्या खुणेखाली जेमतेम वीतभर जागा कोरडी उरली होती. म्हणजे ओल त्याच्या हनुवटीपर्यंत.

"आई, काहीतरी कर ना!"

मी देवापुढचा तांब्या उचलला. नेम मोडला तर त्याचं फळ कुणाच्या वाट्याला जातं, हे मला आईने शिकवलं होतं. ज्याच्यासाठी धरला, त्याच्या.

प्याले.

घसा सोलून निघाला. पोटातून उमासा आला, तो दाबला.

"लाइन खाली आली!" अर्पिता किंचाळली. "आई, पी! और पी!"

दुसरा तांब्या. गळ्याशी.

तिसरा. छातीशी. अर्पिता टाळ्या पिटत होती, रडत होती, भरभरून आणून देत होती. मी मोजणं सोडलं.

शेवटचा घोट गोड लागला. भिंती कोरड्या होत्या.

गुरुवार गेला. शुक्रवार, शनिवार गेला. रविवारी भर दुपारी बेल वाजली.

इंद्रजित! धडधाकट, हसरा, कुणाचा तरी ढगळ शर्ट घातलेला. अर्पिता त्याच्या गळ्यातच पडली. माझे अश्रू ओठांवर ओघळले, खारट; मी ते पदराने पुसले.

"इथपर्यंत पाणी होतं, आई," त्याने हनुवटीला हात लावला. "मग एकदम उतरायला लागलं. कुणीतरी पीत असल्यासारखं."

अर्पिताने माझ्याकडे पाहिलं.

बाहेर लू भणभणत होती. तीन जिने चढून तो घामाने निथळत होता. मी त्याचं डोकं खाली ओढलं आणि लहानपणी घ्यायचे तसा कपाळाचा मुका घेतला. घामाचा ओघळ माझ्या ओठांवर आला.

मी ओठावरून जीभ फिरवली. पुन्हा एकदा फिरवली.

अळणी.