काळी खिडकी बंद करू नये

"मला न्याय नकोय, सूड हवाय," खुर्चीत टेकायच्या आतच थोरला गरजला.

खासगी तपासनीस बाईंना सगळं गाव 'वहिनी'च म्हणे. कारण त्यांचा मदतनीस असलेला दीर त्यांना चारचौघांतही तशीच हाक मारायचा. या भाऊजींच्या डोक्यात उजेड पडायचा, पण जरा उशिरा.

दोघा भावांतल्या या थोरल्याची रोपवाटिका होती. काळपट जांभळ्या गुलाबाची नवी जात प्रदर्शनात मांडायची होती. रविवारी सुट्टी असताना काचघरातल्या शेगड्या पूर्ण पेटल्या, छताची झडपं बंद झाली आणि एकूण एक रोप भाजून मेलं.

"सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून चालतं," थोरला म्हणाला. "खोलीला कुलूप होतं. एक किल्ली माझ्याकडे, एक माळ्याकडे. मी परगावी होतो. संध्याकाळी त्याला पोलिसांत देतो."

"फोनवरून नाही चालत?" वहिनींनी विचारलं.

"चालतं की. मी, धाकटा आणि माळी, तिघांच्या फोनवर. पण कॉम्प्युटरवर लॉग इन करून प्रोग्रामची काळी खिडकी उघडी ठेवली तरच. रविवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाइट जाणार हे आधीच कळवलं होतं. लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, पण पासवर्ड मागत थांबतो. खिडकी उघडेपर्यंत फोन आंधळे."

"आता तो कसा आहे?"

"तसाच. तेव्हापासून कुणाला हात लावू दिलेला नाही."

"मग प्रश्नच मिटला. माळीच!" भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, आधी चहा संपवा."

ऑफिसात कॉम्प्युटर पासवर्ड मागत उभा होता. पडद्याच्या कडेला कागद चिकटवलेला होता: काळी खिडकी बंद करू नये. माळी कोपऱ्यातल्या स्टुलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीत घेऊन बसला होता.

"काय आहे त्यात?" भाऊजींनी दरडावलं.

"माझं आहे."

"असू दे, काका," वहिनी म्हणाल्या. "शनिवारी शेवटी इथून कोण निघालं?"

"धाकटे मालक. कुलूप लावून किल्ली त्यांनीच माझ्या हातात दिली. रविवारी मी घरीच होतो. लाइट गेल्यावर फोन बघण्यात काय अर्थ? दिसणारच नव्हतं काही."

"थोरल्यांशी वैर?"

"उलट, त्यांच्या बाजूनं साक्ष दिली होती मी. गुलाब त्यांनीच तयार केला म्हणून."

"आणि केला होता का त्यांनी?"

माळ्यानं मान खाली घातली. "नोकरी होती, बाई."

धाकटा बाहेर रोपांना पाणी घालत होता. गडी मऊ बोलायचा. मला तर असल्या माणसांची धास्तीच वाटते.

"कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "पण रविवारी लाइट गेली तसा माझा जीव खालीवर झाला. परत आल्या आल्या फोनवर तापमान बघितलं. सगळं ठीक होतं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. माळ्यानं दुपारी डाव साधला असणार."

"बिचारा धाकटा," भाऊजी कुजबुजले.

वहिनींनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. "भाऊजी, थोरल्यांच्या फोनवरून छत उघडा बरं."

"अहो वहिनी, अजून कुणी लॉग इन केलेलं नाही!"

"दाबा तरी."

भाऊजींनी बटण दाबलं. बाहेर काचघराचं छत करकरत उघडलं. थोरल्याचा आ वासलेलाच राहिला.

"खिडकीची गरजच उरलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "कुणीतरी हा प्रोग्राम पडद्याआड चालेल असा बसवलाय. कॉम्प्युटर सुरू झाला की तोही सुरू होतो, कुणी लॉग इन करो वा न करो. म्हणजे किल्ली कुणाकडे होती याला काही अर्थ नाही. हा बदल कुणाला ठाऊक होता, एवढंच शोधायचं. माळीकाकांनी फोन बघितलाही नाही, कारण त्यांच्या लेखी तो आंधळा होता. धाकट्यांनी मात्र लाइट आल्या आल्या बघितला, तापमान दिसलं, आणि त्यांना नवल वाटलं नाही! बाहेरून फोनवरच शेगड्या पेटवून माळ्यावर बालंट आणायला लाइट जाण्याचा दिवस सोयीचा होता. शनिवारी शेवटी खोलीत तेच होते."

थोरल्यानं पासवर्ड घातला. वहिनींनी पडद्याआडच्या कामांची यादी उघडली. हा प्रोग्राम शनिवारी संध्याकाळी बसवलेला होता आणि चालत होता धाकट्याच्या खात्यावर.

धाकटा हसला. त्या हसण्यात लाज अजिबात नव्हती.

"मी जन्माला घातला, मीच जाळला! दादानं माझ्या गुलाबाला स्वतःचं नाव लावलं, आणि यानं खोटी साक्ष दिली. दादाचा गुलाब गेला, याची अब्रू गेली. फिटंफाट!"

थोरला त्याच्या अंगावर धावला. भाऊजींनी त्याला कवेत धरून ठेवलं. या एका कामात त्यांना कधी उशीर होत नसे.

माळी उठला. त्यानं पिशवीतलं फडकं सोडलं. आत लहानशी कुंडी होती, आणि कुंडीत काळपट जांभळी एकच कळी.

"एक फांदी मी घरी रुजवली होती," तो धाकट्याला म्हणाला. "साक्ष दिल्यापासून अन्न गोड लागत नव्हतं. आज तुम्हाला द्यायची आणि खरं काय ते सांगून टाकायचं, म्हणून आणली. आता जगात एवढंच रोप उरलंय."

धाकट्याचं हसू विरलं. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

माळ्यानं त्या हातांकडे पाहिलं. मग रोप मुळासकट उपटलं, मधोमध मोडलं आणि त्याच्या ओंजळीत ठेवलं.

"अरे, नको!" दोघे भाऊ एकदमच ओरडले. पुष्कळ वर्षांत त्यांचं एवढंच एकमत झालं असेल.

"घ्या," माळी म्हणाला. "आता झाली फिटंफाट."

रिकामी कुंडी टेबलावर ठेवून तो घरी गेला.