अंगठ्याचा अर्थ

बिश्केकहून कराकोलला निघालेल्या त्या व्हॅनमध्ये जिपाराच्या शेजारी जो तरुण येऊन बसला, त्याचं कोपर तिला लागलं आणि तिच्या तोंडून सवयीने जर्मनमध्येच "माफ करा" निघून गेलं. खरं तर माफी त्याने मागायला हवी होती. तो नुसता हसला, खिशातून फोन काढला, तोंडासमोर आडवा धरला आणि बोलायला लागला.

बोलतच राहिला. आईसाठी तो आवाजी मेसेज भरत होता. बाजारात मेण मिळालं, पेट्यांच्या चौकटी मिळाल्या, मामाचा गुडघा बरा आहे, ड्रायव्हर जांभया देतोय... आणि मग आवाज जराही न उतरवता, "शेजारी एक जपानी बाई बसलीय, आई. डोंगर बघायला आली असणार. पण तोंड असं करून बसलीय, की दूध ठेवलं तर नासेल."

जिपारा खिडकीबाहेर बघत राहिली. सहा वर्षं हॅम्बुर्गमध्ये काढून ती कायमची परतत होती... निदान सगळ्यांना तसं सांगून. तिथे भर बसमध्ये फोनवर कुणी मोठ्याने बोललं, तर अख्खी बस वळून बघायची. इथे पाठीमागच्या आजी स्वतःचे मेसेज मोठ्या आवाजात ऐकत होत्या आणि ड्रायव्हर एका हाताने बायकोला व्हिडिओवर रस्ता दाखवत होता.

वाटेत तळ्याकाठच्या बालिक्ची गावाला गाडी थांबली. सगळे धुरी दिलेले मासे घ्यायला उतरले. तोही मासा घेऊन उभा होता, फोन पुन्हा तोंडासमोर. जिपारा त्याच्याजवळ गेली आणि शुद्ध किर्गीझमध्ये म्हणाली, "आईंना सांगा, जपानी नाहीये, कराकोलचीच आहे. आणि तोंड जन्मापासून असंच आहे."

त्याच्या हातातला मासा पडायचाच राहिला.

"दूध... दुसऱ्या कुणाबद्दल म्हणालो मी," तो म्हणाला.

"कुणाबद्दल?"

"ड्रायव्हरबद्दल," तो म्हणाला, आणि स्वतःच इतका लाल झाला की जिपाराला हसू आवरेना.

त्याचं नाव एर्मेक. आक्-सूच्या वरच्या दरीत त्याच्या मधाच्या पेट्या होत्या. उन्हाळाभर तो तिथेच तंबू ठोकून राहायचा. कराकोल येईपर्यंत त्याने अर्धा मासा तिला खाऊ घातला आणि अपमानाची भरपाई म्हणून मधाची बरणी पाठवायची आहे, असं म्हणून तिचा नंबरही घेतला. बरणी आली. तिच्या पाठोपाठ मेसेज यायला लागले.

आणि जिपाराची खरी कटकट तिथून सुरू झाली.

तशी ती घरी आल्यापासून वैतागलेलीच होती. हॅम्बुर्गमध्ये मैत्रिणी आधी विचारायच्या, आज संध्याकाळी फोन केला तर चालेल का? इथे मावशी भल्या पहाटे फोन करून विचारायची, आज काय शिजवणार? उचलला नाही तर पुन्हा करायची. तरी नाही उचलला तर आईला, मग शेजारणीला, आणि शेवटी स्वतः दारात. एकदा ती डोकं धुऊन टॉवेल गुंडाळून बसली होती, तर थेट व्हिडिओ. पलीकडे कुणाच्या तरी बारशाची पंगत, आणि सगळी पंगत तिला हात हलवून दाखवतेय.

एर्मेक फोन करायचा नाही, कारण वर दरीत सिग्नल फक्त एका टेकाडावर मिळायचा. तो टेकाडावर चढायचा आणि दिवसभराचं सगळं एका दमात भरून पाठवायचा. मधमाश्यांची गुणगुण, वारा, त्याचा धापा टाकणारा आवाज. अस्वल येऊन गेलं, शेजारच्या मेंढपाळाची घोडी व्याली, पोरांनी शिंगराला नाव काय ठेवलं... जिपारा एका आरोग्यधामात लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे मोकळे करायचं काम करत होती. दोन रुग्णांच्या मधे तिला श्वास घ्यायला वेळ नसायचा. ती त्याचे मेसेज दुप्पट वेगाने ऐकायची, मग त्याचा आवाज कार्टूनमधल्या उंदरासारखा यायचा.

शेवटी तिने लिहिलं, 'थोडक्यात लिहून पाठव.'

त्यावर पुन्हा आवाजच आला. "हातात जाड मोजे असतात, जिपारा. काढले की माश्या चावतात. आणि थोडक्यात काय लिहू? तार करतोय का मी? तुझंच बघ. 'हो.' 'बरं.' 'नंतर बोलू.' प्रत्येक शब्दापुढे टिंब. ते टिंब बघितलं की वाटतं, तू तोंडावर दार लावून घेतलंस. दिवसभर मी विचार करतो, काय चुकलं माझं."

हा मेसेज मात्र तिने शेवटपर्यंत ऐकला. दोनदा. टिंबाने कुणाचा दिवस जातो हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून तिने त्याच्यापुरतं टिंब देणं बंद केलं. बाकी काही बदललं नाही. तो दर आठवड्याला मध घेऊन खाली यायचा, दोघं तळ्याकाठी चालायची, भांडायची, हसायची, आणि निघताना तिचा हात त्याच्या हातात जरा जास्तच वेळ राहायचा... मग तो वर जायचा आणि पुन्हा ते लांबलचक मेसेज.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी असाच एक आला. जिपाराने मिनिटभर ऐकला. गारा पडल्या, अमुक पेटीचं झाकण फुटलं, मेंढपाळाचा कुत्रा तंबूत शिरला. तेवढ्यात रुग्ण आला. मिळालं, पोचलं, अशा अर्थाने तिने एक अंगठा पाठवला आणि उरलेलं ऐकायचं विसरून गेली. थोड्या वेळाने त्याचा एवढासाच आवाज आला, "मग रविवारी येतो." तिने लिहिलं, 'ये'

रविवारी सकाळी ती अंगणात गालिचा धूत होती. पाय गुडघ्यापर्यंत साबणात, केस कसेही बांधलेले. फाटक उघडलं. एर्मेक आत आला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्याच्या मागे त्याची आई बुरूलकाकू. त्यांच्यामागे दोन आत्या, हातात फळं, मिठाई आणि एक घडी केलेला पांढरा रुमाल.

जिपाराची आई बाहेर आली. तिची नजर त्या रुमालावर गेली आणि तिला सगळं उमगलं. इथल्या रीतीप्रमाणे मुलीच्या कानात कानातले घालून लग्न पक्कं करायला आले होते. तिने हसून पाहुण्यांना आत बसवलं, आणि पोरीला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"मला सांगायला तोंड नव्हतं का तुला? घरात एक मेंढी नाही, पीठ मळलेलं नाही!"

"आई, मला काहीच माहीत नाही."

"मग हो कुणी म्हटलं त्यांना?"

जिपाराने मेसेज बघितले. गारांचा तो मेसेज चांगला लांब होता. त्याच्याखाली तिचा अंगठा.

"अंगठा पाठवला मी. पोचलं, असा."

आईने कपाळावर हात मारला. "इथे अंगठ्याचा अर्थ हो असा होतो, बाई."

आतून हसण्याचे आवाज येत होते. जिपारा ओल्या पायांनीच बाहेर गेली आणि एर्मेकला खुणेने जर्दाळूच्या झाडामागे बोलावलं. तिने जे होतं ते सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"किती ऐकलास?"

"कुत्रा तंबूत शिरला, तिथवर."

"ते तर सुरुवातीलाच होतं," तो हळूच म्हणाला. "विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून गारांपासून सुरुवात केली."

"असली गोष्ट कुणी फोनवर विचारतं?" तिचा आवाज चढला. लाज वाटत होती, म्हणून जास्तच.

"मग कधी विचारू? समोर आलो की तू घड्याळ बघतेस."

ते तिला लागलं, कारण खरं होतं. गालिच्यावरून साबणाचं पाणी वाहत फाटकापर्यंत गेलं.

"आता नाही बघत," ती म्हणाली. "विचार."

तो झाडाच्या सालीवर नखाने रेघा ओढत राहिला. "तू हवी आहेस मला," अखेर तो म्हणाला. "पण तुझी बॅग अजून भरलेलीच आहे, असं तुझी आई सांगते. तू राहणार आहेस की जाणार, हे विचारायचीच भीती वाटते."

हॅम्बुर्गच्या दवाखान्याने तिची जागा शरदापर्यंत राखून ठेवली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आता त्याला सांगितलं. "मला अजून ठरवता येत नाहीये, एर्मेक. तुझ्या आईने आज कानातले घातले, तर ते माझ्यासाठी कुणीतरी ठरवल्यासारखं होईल. मला ते नकोय. तू मात्र... तू नकोसा नाहीस."

आत जाऊन चूक माझीच होती असं सांगतो, तो म्हणाला. जिपाराने त्याला अडवलं. हात पुसून ती स्वतः आत गेली, बुरूलकाकूंसमोर बसली आणि अंगठ्यासकट सगळं सांगितलं. आत्यांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने रुमाल पिशवीत घातला.

बुरूलकाकूंनी चहाची रिकामी वाटी पुढे सरकवली.

"कान घेऊन तू कुठे जाणार आहेस?" त्या म्हणाल्या. "तू ठरवशील तोवर कानातले माझ्याकडे राहतील. चहा ओत."

सगळे जेवून गेले. एर्मेक फाटकातून एकदाच वळला.

नंतरच्या आठवड्यांत त्याचा एकही मेसेज आला नाही. जिपारा वैतागून फोन उलटा ठेवायची, पुन्हा सुलटा करायची. तिला कळलं की ती त्या घोडीच्या शिंगराची, अस्वलाची, वाऱ्याची वाट बघतेय. सप्टेंबरच्या अखेरीस, हॅम्बुर्गमधून काहीही विचारणा येण्याआधीच, तिने तिथे कळवून टाकलं की जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. मग बॅग रिकामी केली आणि आक्-सूची गाडी पकडली.

बुरूलकाकू शेतात बटाटे काढत होत्या. जिपारा बांधावर उभी राहिली आणि तिने केस कानांमागे सारले. काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं, कुदळ ठेवली, पंपावर हात धुतले आणि तिला घरात नेऊन राखून ठेवलेले कानातले बाहेर काढले. उजव्या कानाचं भोक कधीचं बुजत आलं होतं.

"दुखेल," काकू म्हणाल्या.

"दुखू दे."

थोडं रक्त आलं. काकूंनी ते आपल्या बोटाने पुसलं आणि तिचं डोकं छातीशी धरलं.

दुपारी पेट्यांनी भरलेला ट्रक दारात लागला. एर्मेक उडी मारून उतरला, अंगणात बटाटे निवडत बसलेल्या जिपाराला बघून जागीच थांबला, आणि मग त्याला तिचे कान दिसले. तो तिच्यासमोर मातीतच बसला. त्याने एक बटाटा उचलला, माती झटकली आणि टोपलीत टाकला.

"ये, जवळ सरक," जिपारा म्हणाली. "घोडीच्या शिंगराचं पुढे काय झालं, ते सांग. सगळं सांग."