रेषेच्या वर पडलेला उजेड

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच डोळ्यांदेखत घडलंय. खोटं ठरलं असतं तर सगळ्यात आधी मीच सुटले असते.

मंगळवार होता. दुपारचे अडीच. हो, दुपारचेच. तोवर मलाही वाटायचं, भुतं रात्रपाळीच करतात.

मी गाड्यांची वायरिंग करते. नवरा गेल्यावर शॉक खातखात शिकले. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर एक काळी रेषा आहे. गाडी समोर उभी करायची, शटर ओढून अंधार करायचा, हेडलाइट लावायचे. उजेड रेषेच्या खाली राहिला पाहिजे. वर गेला, की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तसा नियमच आहे.

नियम मला पाठ आहेत. मोडायचे कसे, तेही.

धाकट्या भावाच्या गाडीला मी पांढरे झगझगीत बल्ब बसवले होते. बेकायदा. तपासणीच्या दिवशी कंपनीचे पिवळे टाकायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरे. आमच्याकडे सगळे हेच करतात. गिऱ्हाइकांचे पिवळे बल्ब मी नावाची चिठ्ठी लावून ड्रॉवरमध्ये जपते. फार नीटनेटकी बाई मी!

भावाचे पांढरे बल्ब मी रेषेवर लावून पाहिलेच नाहीत. त्याला घाई होती. "घरचीच गाडी आहे ताई, चालतंय."

त्याच आठवड्यात शिंपीकाका गेले.

गल्लीतलेच ते. गळ्यातली टेप सायकलवरून घरी जातानाही काढायला विसरायचे.

"काका, सायकलचं माप घेताय का?" मी चिडवायचे.

"तुझ्या जिभेचं घ्यायचं होतं. टेप पुरेना."

त्या संध्याकाळी वळणावर समोरून भावाची गाडी आली. धक्का लागला नाही. काकांनी नुसता डोळ्यांवर हात धरला... आणि सायकल थेट नाल्यात.

सकाळी भाऊ दारात. "ताई, पिवळे टाक. चौकीत गाडी दाखवायचीय."

"अरे, काका गेले..."

"मला दोन पोरी आहेत, ताई."

मी टाकले. दहा मिनिटांचं काम. या वेळी रेषेवर लावूनही पाहिले.

कागदावर आलं : दिवे नियमानुसार. सायकलस्वाराचा तोल गेला.

काकू मला म्हणाल्या, "कितीदा सांगितलं गं, डोळे तपासून घ्या म्हणून. ऐकलं नाही."

मी मान हलवली.

महिन्याभराने, त्या मंगळवारी, भाऊ परत आला. "आता टाक की पांढरे."

आणि मी टाकले. लाज वाटते लिहायला, पण टाकले.

शटर ओढलं. पंखा बंद केला. भावाने स्विच दाबला.

भिंत पांढरीफटक झाली. उजेड रेषेच्या बराच वर...

टिक.

टिक...

टेपचं पितळी टोक शर्टाच्या बटणाला लागावं, तसा आवाज.

भिंतीवर सावली होती. माणसाची. एक हात डोळ्यांवर. गळ्यातून दोन्हीकडे दोन पट्ट्या लोंबत... हळूहळू हलत.

गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कुणीच नव्हतं.

"ताई, समोरून बाजूला हो ना," आतून भाऊ म्हणाला.

मी त्याच्या खिडकीशी उभी होते.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. दिवे बंद केले. "पिवळेच टाक परत," एवढंच बोलला. तेव्हापासून त्याने गॅरेजची पायरी चढलेली नाही.

भिंतीला मी दोनदा रंग दिला. काही उपयोग नाही. कुठलीही गाडी लावा, उजेड रेषेच्या वर गेला, की सावली येते. गिऱ्हाइकाला दिसत नाही. मला दिसते. आणि दर वेळी तो हात डोळ्यांवरून थोडा खाली आलेला असतो.

काल तो पूर्ण खाली होता.

सावलीला चेहरा नसतो. तरी ती कुठे बघतेय, ते मला कळलं. मीच डोळ्यांवर हात धरला.

ते पांढरे बल्ब अजून ड्रॉवरमध्ये आहेत, भावाच्या नावाची चिठ्ठी लावून. ते पिशवीत घालून काकूंच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले.

"ये ना आत," दोन्ही वेळा त्या म्हणाल्या.

"नको, सहजच आले होते."

आत्ता हे लिहितेय. शटर उघडं आहे, बाहेर लख्ख ऊन आहे. ड्रॉवर बंद आहे.

आतून... टिक.