पेट्रोल कोण पितं?

"ढकला! जरा जोर लावा!" भाऊ गाडीच्या आतून ओरडले.

"ढकलतोच आहोत!" मागून तीन दमलेले आवाज आले.

सुट्टीचे बेत परीक्षा चालू असतानाच ठरले होते. गाडी तयार झाली की तळ्यावर जायचं, दिवसभर डुंबायचं आणि येताना मागच्या सीटवर झोपून यायचं! प्रत्यक्षात निम्मी सुट्टी गाडीच्या पाठीला हात टेकून चालण्यातच गेली होती. सीटवर बसायची वेळ क्वचित येत होती.

हे तिघं कोण, ते सांगून टाकलेलं बरं. आप्पांची मुलगी हवालदार. घरात मुंगी शिरली तरी तिला थांबवून चौकशी करणारी. भाऊंचा मुलगा रेडिओ, ज्याचं बंद करायचं बटण देव बसवायला विसरला होता. आणि शेजारची शंका. 'आज सुट्टी आहे' असं सांगितलं तरी ती "नक्की?" असं विचारायची. आप्पा थोरले, भाऊ धाकटे. दोघं सख्खे भाऊ एकाच घरात राहत आणि घरातली लहानथोर सगळी त्यांना आप्पा आणि भाऊच म्हणत.

"भाऊ, पेट्रोल संपलं असेल का?" शंकाने धापा टाकत विचारलं.

"छे गं! हा काटा बघ ना. टाकी भरलेली दाखवतोय. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला असणार!"

त्या संध्याकाळी भाऊंनी कार्बोरेटर खोलून काकूच्या परातीत मांडला. काकू म्हणजे रेडिओची आई. तिने परातीकडे पाहिलं, पण ओरडण्याइतकं तिच्यात त्राण नव्हतं. ती दुसरी परात घेऊन कणीक मळायला बसली.

खरं तर त्या घरात कुणातच त्राण नव्हतं. आप्पा पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करत, भाऊ छापखान्यात दिवसपाळी. सकाळी एक जांभई देत फाटकातून आत यायचा, दुसरा जांभई देत बाहेर पडायचा. गाडी दोघांनी मिळून भंगारातून आणली होती. तिची दारं निळी, बॉनेट पांढरं आणि सीट कुठल्याशा व्हॅनच्या. आप्पा झोपण्याआधी तासभर गाडीखाली शिरत आणि भाऊ संध्याकाळी. एकमेकांशी बोलायला दोघांना वेळच मिळत नसे. निरोप असायचा तो मुलांकडे. "आप्पाला सांग, ब्रेक झाला." "भाऊला सांग, टाकी बदलली." ब्रेक कसा झाला, टाकी कुठून आणली, हे कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे.

दिवसभर आप्पा झोपलेले, म्हणून मुलांना भांडायचं झालं तरी कुजबुजत भांडावं लागे. कुजबुजत भांडून पाहा एकदा! अर्ध्या तासात मेंदूचा भुगा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कामावरून आले. येताना सायकलला पेट्रोलचा डबा लावून आणला होता. मागची डिकी उघडून त्यांनी डबा टाकीत रिकामा केला आणि जाऊन झोपले. संध्याकाळी भाऊंनी कार्बोरेटर जोडला, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली!

"पाहिलंत? कचराच होता!" भाऊंचा चेहरा खुलला. मग त्यांची नजर काट्यावर गेली. "हे काय? काल तर टाकी भरलेली होती. आज काटा एवढा खाली?"

आप्पा कामावर निघाले होते. "मी सकाळीच डबाभर टाकलंय," ते फाटकातून म्हणाले.

"टाकलंस तर काटा वर जायला हवा ना!"

"मग ते तुला ठाऊक. मी रात्रभर कारखान्यात असतो. गाडी असते तुझ्याजवळ."

"म्हणजे मी रात्री गुपचूप फिरायला जातो? दिवसभर घरी कोण असतं, मी की तू?"

"मी घरी झोपलेला असतो, झोपलेला!"

पुढचे तीन दिवस असेच गेले. सकाळी आप्पा डबा ओतत, संध्याकाळी भाऊ काटा पाहत आणि काटा आणखी खाली गेलेला असे. दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं खरं वाटत नाही. दोघंही एकमेकांना उद्देशून 'चोराच्या उलट्या बोंबा' हीच म्हण वापरू लागले. चौथ्या दिवशी भाऊ जेवणावरून उठले आणि म्हणाले, "मी खोली बघून आलोय. छापखान्याच्या मागे आहे. शनिवारी सकाळी टेम्पो येईल."

आप्पा एवढंच म्हणाले, "बरं."

काकूने भांडी चादरीत बांधायला घेतली. रेडिओ त्या रात्री एक शब्द बोलला नाही. शाळा बदलणार, घर बदलणार आणि हवालदार रोज भेटणार नाही, हे तो बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत राहिला.

सकाळी आप्पा डबा ओतून झोपल्यावर तिघं गाडीच्या सावलीत बसले.

"चोर शोधायचा," हवालदार कुजबुजली. "आजच्या आज. उद्या टेम्पो येतोय."

"पण चोर आहे हे नक्की?" शंकाने विचारलं.

"तू गप्प बस गं!"

"नाही, ऐक ना. परवा भाऊंबरोबर आपण दळणाच्या गिरणीपलीकडे जाऊन आलो. आठवतं? निघताना काटा जिथे होता, त्याच्यापेक्षा येताना थोडा वर होता. मी भाऊंना विचारलंही, 'गाडी चालली की पेट्रोल वाढतं का?' तर म्हणाले, 'रस्ता खडबडीत आहे, काटा उडतो.'"

"चोर पेट्रोल परत कशाला आणून टाकेल?" हवालदार विचारात पडली. "बरं, आधी पाळत तर ठेवू!"

तिने टाकीच्या झाकणावर आडवा दोरा ताणला आणि दोन्ही टोकांना डिंक लावला. झाकण फिरलं की दोरा तुटणारच! रेडिओने टाकीखाली वर्तमानपत्र अंथरलं, म्हणजे गळती असेल तर डाग पडेल. मग आळीपाळीने पहारा. ऊन, माशा आणि आतून येणारं आप्पांचं घोरणं. पहाऱ्यासारखं कंटाळवाणं काम जगात दुसरं नसेल! गोष्टींमधले गुप्तहेर कधी पेंगत कसे नाहीत, असा प्रश्न रेडिओला पडला, आणि तो विचार करता करता तो स्वतः पेंगला.

संध्याकाळी भाऊ आले. त्यांनी किल्ली फिरवली, काटा पाहिला आणि कडवट हसले. "आज तर जवळजवळ तळाला गेला! घ्या! उद्यापासून तुमची गाडी आणि तुम्ही." किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून ते हातपाय धुवायला गेले.

तिघं डिकीकडे धावले. दोरा जसाच्या तसा! वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत!

"झाकण उघडलं नाही, टाकी गळली नाही आणि पेट्रोल गायब!" रेडिओचा आवाज परत आला. "मी सांगतो, भूत आहे. पेट्रोल पिणारं भूत!"

शंका झाकणाकडे टक लावून पाहत होती. "आपल्याला पेट्रोल गेलं हे सांगितलं कुणी?"

"काट्याने."

"आणि काटा खरं बोलतो, हे नक्की?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लाकडाची पट्टी आणा," हवालदार म्हणाली. "आणि आसपास काडी, दिवा, काही नको! शेगडीपण बंद आहे ना, पाहून ये."

टाकीचं तोंड डिकीत सरळ वरच होतं. हवालदारने पट्टी हळूच आत सोडली, तळाला टेकवली आणि बाहेर काढली. पट्टी निम्म्याहून पुष्कळ वर ओली होती.

"अगं बाई! टाकी तर जवळजवळ भरलीये!"

"आणि काटा तळाला!" रेडिओ उडालाच. "म्हणजे हा काटा उलटा चालतोय!"

"म्हणून त्या दिवशी भरलेली दाखवत होता," शंका सावकाश म्हणाली, "आणि टाकी रिकामी होती. कार्बोरेटरमध्ये काहीसुद्धा नव्हतं. आपण उगाच ढकलत आलो."

रेडिओ तसाच घरात धावला. "भाऊ! काटा उलटा आहे!"

भाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. "आप्पाची बाजू घ्यायची तर उघड घे, पण अशा गोष्टी रचू नकोस रे. झोपू दे मला." हवालदार फाटकाकडे पळाली, पण आप्पा सायकलवर बसलेही होते. "उद्या सांग, बाळा. उशीर झालाय."

"सगळी मोठी माणसं अशीच," परत येऊन ती म्हणाली. तिला रडू येत होतं. "एकाला सांगितलं तर वाटतं दुसऱ्याची वकिली करतोय. दोघांना एकाच वेळी दाखवायला हवं. पण टेम्पो येण्याआधी दोघं एका वेळी घरात असणार कधी?"

"सकाळी फाटकात," शंका म्हणाली. "एक येतो आणि एक जातो तेव्हा."

शनिवारी सकाळी टेम्पो फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. काकूने भांड्यांची गाठोडी ओसरीवर आणून ठेवली होती. भाऊ पेट्या मोजत होते आणि आप्पा डबा लावलेली सायकल ढकलत आत येत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहणं टाळलं.

"चोर सापडला!" रेडिओने सगळा आवाज लावून आरोळी ठोकली. "गाडीत लपलाय! धावा!"

आप्पांच्या हातून सायकल पडता पडता राहिली. भाऊ पेटी टाकून धावले. एकाने पुढचं दार उघडलं, दुसऱ्याने मागचं. आत कुणीच नव्हतं.

"कुठाय?" दोघं एकदम ओरडले. कितीतरी दिवसांत ते एकमेकांसमोर इतके जवळ उभे राहिले नव्हते.

"दाखवते," हवालदार म्हणाली. आवाज अगदी हवालदाराचा होता. "भाऊ, तुम्ही पुढे बसा. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. नुसता काटा पाहा. आप्पा, थोडंच ओता. टाकीत फार जागा नाहीये."

"जागा नाही? काटा तर म्हणे तळाला..."

"आप्पा, ओता ना!"

मुलीच्या आवाजात असं काही होतं की आप्पांनी निमूटपणे डबा उचलला. पेट्रोल आत पडू लागल्याचा आवाज आला. पुढे भाऊ काट्यावर डोळे रोखून बसले होते. काटा जरा हलला, थरथरला आणि होता तिथून आणखी खाली जाऊन टेकला.

"अरे!" भाऊ म्हणाले. "आप्पा, तू ओततोयस की काढतोयस?"

"ओततोय की! का रे?"

"काटा खाली येतोय!"

आप्पा डबा खाली ठेवून पुढे आले आणि खिडकीतून डोकावले. हवालदारने पट्टी पुन्हा टाकीत बुडवली आणि ओली पट्टी त्यांच्यापुढे धरली.

"आप्पा, टाकी तुम्ही कुठल्या गाडीची बसवलीत?" शंकाने विचारलं.

"व्हॅनची. आतल्या तरंग्यासकट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी सांगतो ना, त्या गोळ्यासकट. चांगली मिळाली होती."

"आणि भाऊ, काटा?"

"टॅक्सीचा. तोही चांगला मिळा..." भाऊंचं वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "दोन जातींच्या गाड्या! त्या व्हॅनचा तरंगा वर गेला की या टॅक्सीचा काटा खाली जाणार! आप्पा, टाकी व्हॅनची आहे हे मला बोलला का नाहीस?"

"तू काट्याचं बोललास का?"

"तू झोपलेला होतास."

"आणि मी जागा असतो तेव्हा तू झोपलेला असतोस."

आप्पा व्हॅनच्या जुन्या सीटवर, भाऊंच्या शेजारी, धप्पकन बसले.

"मी तुला चोर म्हणालो रे," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ज्याला हाताला धरून शाळेत सोडलं, त्याला."

"मीही म्हणालो. मी तर पोरांसमोर म्हणालो." भाऊंनी नाक ओढलं. "डोकं चालतच नव्हतं, आप्पा. दमलो होतो."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ओसरीवरून काकूने विचारलं, "काय करू? चढवू का गाठोडी?"

"नको," भाऊ म्हणाले. "त्याला परत पाठव. त्याची फेरी फुकट गेली, त्याला चहा दे."

काकू गाठोड्यावरच बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. हवालदारची आई बाहेर आली, तिने तिघांना एकदम कवेत घेतलं. "शाबास रे पोरांनो! या दोघांच्या मिळून अकलेपेक्षा तुमची पट्टी शहाणी निघाली!"

"खरंय," आप्पा गाडीतूनच म्हणाले. "शाबास! हवालदार, तू तर... शंका, तुझ्यासारखा प्रश्न जर आम्ही एकदा जरी... आणि रेडिओ..." पुढचं कौतुक आलंच नाही. रेडिओने वाकून पाहिलं. आप्पांची मान मागे टेकली होती आणि तोंड उघडं होतं.

"झोपले!"

"श्श!" भाऊ म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, छापखान्याला उशीर झाला होता. "मी जरा पाच मिनिटं टेकतो," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि थोरल्या भावाच्या खांद्यावर त्यांचं डोकं कलंडलं.

"तळ्यावर कधी जायचं, ते विचारायचं राहिलं," शंका कुजबुजली.

"उठल्यावर विचारू," हवालदार म्हणाली. तीही आता गळून गेली होती.

गाठोडी तशीच उचलली असती तर आतली भांडी खणखणली असती आणि दोघं जागे झाले असते. म्हणून तिघांनी गाठी सोडल्या आणि एकेक भांडं दोन्ही हातांत धरून, पाय न वाजवता, आत नेऊन फडताळात मांडायला सुरुवात केली. रेडिओ सगळ्यांत जास्त फेऱ्या मारत होता. शेवटचं पातेलं जागेवर गेलं तेव्हा दुपार झाली होती आणि अंगणात दोघं भाऊ अजून तसेच झोपले होते.