‘खाली’ लिहिलेली नळी

"मावशी, शेवटचा खण रिकामा आहे!" चिमीचा मावसभाऊ ढब्बू ओरडला.

प्रयोगशाळेच्या थंड खोलीत चिमी खणाकडे धावली. त्या खणात तळ्याच्या तळातून काढलेल्या गाळाची नळी होती. आई-बाबा ती घेऊन परतताना वादळात होडी उलटली होती. आईला आणि नळीला बाबांनी काठाला लावलं. ते स्वतः मात्र आले नाहीत. आज आई ती नळी पहिल्यांदाच उघडणार होती. आता ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

भांडारप्रमुख दारातून गुरकावले, "सुट्टीतली पोरं आत आणल्यावर दुसरं काय होणार!"

"आम्ही तर आत्ताच आलोय!" ढब्बू फणकारला.

चिमीची नजर बाकीच्या नळ्यांवर होती. "आई, यांच्यावर तू ‘माथा’ आणि ‘तळ’ लिहिलंयस. बाबांनी काय लिहिलं होतं?"

"होडीत घाईघाईने लिहिलं गं... ‘वर’ आणि ‘खाली’. ‘खाली’चं टोक बाहेरच्या बाजूला होतं."

चिमी गर्रकन वळली. "काका, रिकाम्या नळ्या कुठे टाकल्यात?"

"मागे भंगारात, सकाळीच. एकीवर तर स्वच्छ लिहिलं होतं, खाली..." प्रमुखांचा आवाज बसला. "हमाल म्हणत होता, जड आहे. मी म्हटलं, खाली म्हणजे रिकामी, लिहिलंय ते वाच की!"

वाचता आलं म्हणजे शहाणपण येतंच असं नाही!

पोरं धावत सुटली. मागच्या अंगणात नळ्यांचा ढीग उन्हात तापत होता.

"तळाशी हवा पोचत नाही, म्हणून पानं आणि परागकण हजारो वर्षं टिकतात," चिमी धापा टाकत म्हणाली. "आता हवा शिरली, वाळलं, की संपलंच सगळं!"

"पण एवढ्यांत ओळखायची कशी? एकेकीवरचं वाचत बसलो तर उशीर होईल!"

"वास घे! त्या गाळाला सडक्या अंड्यांचा वास येतो."

ढब्बूने ढिगात नाक खुपसलं. "शी! सापडली!"

झाकण तडकलं होतं. टोकाचा गाळ वाळून भेगाळला होता. आत नेल्यावर आईने तेवढा कापून काढला. मागचा अजून ओला होता, आणि त्यात एक अख्खं पान होतं, हिरवट, शिरांसकट.

"हे बघायला तो हवा होता," आई म्हणाली.

बघता बघता पान काळं पडलं.

"हवा लागली," ती पुटपुटली. "पण परागकण आहेत आत. त्यांचं कवच चिवट असतं."

"पोरांनो, शाबास," प्रमुख मान खाली घालून म्हणाले. "चूक माझीच. आज तुम्ही नसतात तर..."

आईने दोघांना घट्ट जवळ घेतलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती मोकळेपणी रडली. मग डोळे पुसून तिने पेन घेतलं. बाबांच्या अक्षराला धक्का न लावता ‘खाली’च्या शेजारी तिने लिहिलं, ‘भरलेली आहे.’