गोगलराव पाहुणा येतो

खेळ संपला, मुलं पळाली, आणि वाचनालयाच्या सतरंजीवर पहिल्या रांगेत एक उंच तरुण तेवढा मांडी घालून बसून राहिला.

खेळ करणारी ती बाहुल्या आवरत होती. "तुमचं मूल पळालं वाटतं?"

"मूल नाहीये. मी... गोगलरावला भेटायला आलोय."

गोगलराव म्हणजे गोगलगायींमधला पोस्टमन. डोक्यावर खाकी टोपी, शंखाला टपालाची थैली. पत्रं पोहोचवतो, पण नेहमी उशिरा. तिच्या बाबांनी तो घडवला आणि तिच्या हवाली केला.

"भेटा की," ती हसली. "पण हात लावायचा नाही. लाजतो तो."

"तो लाजतो, की..." वाक्य अर्धंच सोडून त्याने मोबाइल पुढे केला.

तो बाहुलीपट करायचा. बाहुलीपट कसा होतो, ठाऊक आहे ना? बाहुली कणभर हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा कणभर, पुन्हा फोटो. असे शेकडो फोटो भराभर दाखवले की बाहुली चालू लागते. एका मिनिटासाठी आठवडे जातात. त्याच्या चित्रपटातली चिचुंद्री आजी एका पत्राची कधीपासून वाट पाहतेय. मोबाइलवर आजीने दार उघडलं, पत्र घ्यायला हात पुढे केला... आणि दारात कुणीच नव्हतं.

"इथे गोगलराव," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी पत्र आणलेलं मला चालेना. पण तुम्हाला विचारायच्या आधीच आजीचं काम करून बसलो. आमचा उतावळेपणा."

तिने मोबाइल गोगलरावच्या शेजारी धरला आणि तिला हसू आवरेना. "तुमची आजी केवढी आहे?"

"दीड वीत."

"आणि हा धड एक वीतही नाही! अहो, ती याच्या टोपीवरून पार पलीकडे बघतेय. एवढा मोठा कुठे दिसला तुम्हाला?"

त्याचे कान लाल झाले. "मी सहा वर्षांचा होतो. तुमचे बाबा खेळ करायचे. असाच जमिनीवर बसलो होतो... खालून बघत."

तिने मोबाइल त्याला परत दिला. मग ती हळूच म्हणाली, "याला पाटावर उभं करा. उंची जुळेल."

"छे! त्याची उंची कशाला बदलायची? आजीच वाकेल. मी सगळं पुन्हा करीन."

त्या एका वाक्यावर ती निम्मी विरघळली. उरलेली निम्मी मात्र घाबरलेली होती. त्यालाही कारण होतं. बाबांनी पूर्वी एक अस्वल घडवलं होतं. एका कंपनीने ते चित्रपटात 'दोनच मिनिटांसाठी' मागितलं. बाबांनी न वाचता सही केली, आणि त्या कागदात अस्वलाची मालकीच लिहून दिलेली निघाली. तेव्हापासून स्वतःच्या अस्वलाचा खेळ करायची बाबांना बंदी आहे.

"गोगलराव पाहुणा म्हणून येईल," ती म्हणाली. "आणि त्याला फक्त मी हलवणार."

"मंजूर! कराराचा कागद माझे मामा देतील. स्टुडिओ त्यांचाच आहे."

घरी बाबा एवढंच म्हणाले, "तुझं तू ठरव. पण कागद वाच गं बाई."

काम सुरू झालं. कागद काही आला नाही, रोज 'उद्या' होत राहिला. टेबलाला धक्का लागला की सगळं बिघडायचं, म्हणून दोघं कुजबुजत बोलायची. जोरात श्वास सोडला तरी आजीची शाल हलायची.

"श्वास रोखला की तुमची एक भुवई वर जाते," तो पुटपुटला.

"तुम्ही आजीकडे बघा."

"आजीकडे तुम्ही यायच्या आधी नऊ दिवस बघतच होतो. ती काही बोलत नाही."

"शहाणी आहे!"

क्लिक.

सहाव्या दिवशी आजी वाकली होती, गोगलरावने पत्र पुढे केलं होतं, आणि मामा कागद घेऊन आले. तिने तो उभ्या उभ्याच वाचला. तिसरी ओळ... 'दृश्यातील सर्व पात्रांची मालकी कंपनीकडे राहील.'

तिने गोगलरावकडे पाहिलं. गोगलराव टेबलाखालून स्क्रूने घट्ट बसवलेला होता. आता दृश्याच्या मध्येच त्याला तिथून काढलं, तर पुन्हा नेमका तसाच बसवता येत नाही. सहा दिवसांचं काम वाया.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही... शप्पथ. छापील असतो म्हणून मी कधी वाचलाच नाही."

तो टेबलाखाली शिरला. स्क्रू फिरल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्याने गोगलरावला दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. "घरी न्या त्याला."

"अरे, वेडा झालास का?" मामा ओरडले. "सहा दिवस घातलेत!"

"मामा, तो आपला नाहीये."

"मग पत्र कोण आणणार, मी?"

"कुणीच नाही. बघेल आजी वाट." मग तो तिच्याकडे वळला. "आणि एक... गोगलराव नसला, तरी मी येत जाऊ का? खेळासाठी नाही... तुमच्यासाठी."

ती गोगलरावच्या टोपीकडेच बघत राहिली. टोपी सरळ होती, तरी तिने ती सरळ केली.

मामांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "असं आहे होय! मग आधी बोलायला काय झालं होतं? आणि पत्राविना आमचा सिनेमा बघणार कोण?" खिशातलं पेन काढून त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'गोगलराव हा पाहुणा. मालकी त्याच्या घरचीच.' खाली सही केली.

तिने सगळा कागद पहिल्यापासून दोनदा वाचला. मगच सही केली. गोगलरावला आजीच्या दारात उभं करून ती म्हणाली, "हं, लावा स्क्रू."

"सगळं पहिल्यापासून करावं लागेल," टेबलाखालून आवाज आला. "आणखी सहा दिवस."

"मग काय झालं?" ती म्हणाली. "मला नाही घाई... तुला आहे?"

टेबलाखाली त्याचं डोकं धाडकन आपटलं.